पंखात टोचलेली लस

टर्की पक्षी आमच्या घरी आले तेव्हा मला वाटलं होतं, चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे. नवऱ्याने मोबाइलवर कुणाचातरी व्हिडिओ बघितला, दूर कुठेतरी जाऊन एक शेड बघून आला, आणि पंधरा दिवसांत जीपच्या मागे खोक्यांतून साठ पिल्लं घेऊन दारात उभा राहिला. येलदरी धरणाच्या फुगवट्याला लागून आमचं गाव. घरामागे बैलांचा गोठा होता. बैल विकून बरीच वर्षं झाली होती. त्या गोठ्यावर त्याने नवे पत्रे टाकले, बाजूंना जाळी मारली, खाली लाकडाचा भुसा पसरला आणि मला म्हणाला, "तू सायन्स शिकलेली हायेस. तुला जमंल."

मी बी.एस्सी. आहे, प्राणिशास्त्र घेऊन. लग्नानंतर त्या शिक्षणाचा पहिला उपयोग हा असा झाला.

चार महिन्यांनी नवऱ्याला त्याच्या जुन्या कारखान्यातून फोन आला. दोन महिन्यांचं काम आहे, म्हणून तो औरंगाबादला गेला. जाताना पक्ष्यांच्या खाद्याची पोती एकावर एक रचून गेला. ते दोन महिने अजून संपलेले नाहीत. तो सणावाराला येतो, शेडमध्ये एक चक्कर मारतो, "लय भारी ठेवलेत पक्षी" म्हणतो आणि परत जातो. शेती बटईनं दिलेली. घरात मी आणि सासूबाई. आम्हाला मूल नाही, त्यामुळे गावात सगळ्यांना वाटायचं की माझ्याकडे वेळच वेळ आहे.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. साठीच्या आसपास वय, बारीक अंगकाठी, बोलणं मोजकं. चेहऱ्यावर देवीचे वण आणि डाव्या डोळ्यात फूल पडलेलं. लग्न ठरवताना माझ्या आईने हळूच विचारलं होतं, तेव्हा मध्यस्थ म्हणाला, लहानपणी देवी आल्या होत्या. त्यापलीकडे त्याबद्दल घरात कधी कुणी बोललं नाही, आणि मीही विचारलं नाही. माणसाच्या तोंडावर जे सतत दिसतं त्याबद्दल विचारायचं राहूनच जातं.

टर्कीची पिल्लं कोंबडीच्या पिल्लांसारखी नसतात. समोर दाणे टाकले तरी खायचं सुचत नाही त्यांना. दाण्यांत रंगीत गोट्या टाकाव्या लागतात. त्या चमकतात म्हणून पिल्लं चोच मारायला येतात आणि चुकून दाणा तोंडात जातो. थंडी वाजली की कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. पहिल्या आठवड्यात मानमोडी या रोगाच्या लसीचा थेंब एकेकाच्या डोळ्यात टाकायचा, चौथ्या आठवड्यात पुन्हा. मी खताच्या दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरवर तारखांना गोल करून ठेवायची. माझं माहेर पूर्ण्याला. वडील रेल्वेत होते, घर स्टेशनच्या जवळ. तिथे दिवसातून कितीतरी गाड्या येतात-जातात, आणि लहानपणापासून मला वाटायचं की निघायचं म्हटलं की निघता येतं. आता माहेरी जायचा विचार केला की कॅलेंडरवर गोल दिसायचा. एक गोल संपेपर्यंत दुसरा जवळ आलेला असायचा.

पक्षी मोठे झाले तशी बघायला येणाऱ्यांची रांग लागली. धरणावर फिरायला आलेले, शेजारच्या गावचे, पाहुण्यांचे पाहुणे. नराच्या चोचीवरून लोंबणारी ती लाल सोंड, पिसारा फुलवून त्याचं ते गुरगुरत चालणं लोक जाळीला नाक लावून बघायचे, फोटो काढायचे. मी आत भुसा उकरत असायची. फोटोत मीही येत असणार. एकदा एका बाईने बाहेरून विचारलं, "ताई, तुमी दिवसभर हितंच ऱ्हाता का?" मी "हो" म्हटलं. ती तिच्या मुलाला म्हणाली, "बघ, त्या ताई हितंच ऱ्हातेत."

पहिली तुकडी विकून झाल्यावर मला वाटलं, आता संपलं. नवऱ्याने पंचावन्न पिल्लांची दुसरी तुकडी पाठवली. त्याच सुमारास मी बी.एड.च्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दे की परीक्षा. एका दिवसाचा तर प्रश्न हाय. आई हाय घरी." केंद्र परभणीला आलं. मी जुनी पुस्तकं काढली, शेडच्या दारात खुर्ची टाकून वाचायला लागले. परीक्षेला महिनाभर होता.

तेव्हाच शेजारच्या घरच्या कोंबड्यांना देवी झाल्या. पक्ष्यांच्या या रोगाला आमच्याकडे देवीच म्हणतात. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळे फोड येतात. डास चावून तो रोग पसरतो, आणि फुगवट्याच्या काठावर डासांना काय तोटा. माझे पक्षी आठ आठवड्यांचे झाले होते. मी तालुक्याच्या गावी जनावरांच्या दवाखान्यात गेले, सोबत थर्मास घेऊन. लस बर्फात आणावी लागते.

तिथे खिडकीत बसलेल्या माणसाने विचारलं, "किती कोंबड्या?"

मी म्हणाले, "पंचावन्न."

त्या वेळी मी टर्की म्हणायला हवं होतं. पण टर्की म्हटलं की दर वेळी तेच व्हायचं. समोरचा हसायचा, आणखी दोघांना बोलवायचा, मोबाइलवर फोटो दाखवा म्हणायचा. परतीच्या गाडीला वीस मिनिटं होती. आतून डॉक्टरांनी आवाज देऊन विचारलं, "पंखात टोचता येतं ना तुम्हाला? दोन सुयांचा टोचा सोबत देतोय." मी हो म्हटलं. कोंबड्यांना टोचताना मी व्हिडिओत बघितलं होतं. थर्मास छातीशी धरून मी गाडीत बसले आणि मला स्वतःचं कौतुकच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मी लस कालवली. एकदा कालवली की दोन तासांत संपवायची असते. शेडच्या एका कोपऱ्यात पत्रे लावून पक्षी कोंडून घेतले आणि एकेक पकडत गेले. आठ आठवड्यांची टर्की वजनाला चांगली भरते, पंख हाणते, नखं ओढते. पाय गुडघ्यांत धरायचे, पंख ताणायचा, पंखाच्या आतल्या बाजूला कातडीचा पातळ पडदा असतो त्यातून रक्तवाहिनी चुकवून टोचा आरपार घालायचा. काटा रुतल्याचा आवाज यावा तसा अगदी बारीक आवाज येतो. आत्याबाई दारात बसून होत्या. आत आल्या नाहीत. मी बोलावलंही नाही. शेजारची बाई जाता जाता थांबून म्हणाली, "देवी गावात आलेली असताना सुई टोचू नये म्हणतेत." संध्याकाळी बघते तर शेडच्या दाराला आणि जाळीला लिंबाचा पाला बांधलेला. मी मनात म्हटलं, झालं सुरू. कोप होऊ नये म्हणून बांधलाय. त्यांना काही बोलले नाही, पण दुसऱ्या दिवशी नवऱ्याला फोनवर सांगून हसले.

आठव्या दिवशी मी पंख तपासले. टोचलेल्या जागी वाटाण्याएवढी गाठ आणि त्यावर खपली दिसली की लस लागली असं समजायचं. पंचावन्नच्या पंचावन्न पक्ष्यांना गाठ होती. मी नवऱ्याला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

अकराव्या दिवशी एका मादीची पापणी सुजलेली दिसली. मला वाटलं, कुणीतरी चोच मारली असेल. तेराव्या दिवशी तशा पापण्यांचे अकरा पक्षी होते. फोड डोळ्यांवर, चोचीच्या कडेला, कानाजवळ. कडा चिकटून डोळे बंद झालेले. पक्षी उभ्या जागी मान वाकडी करून ऐकत राहायचे. खाद्याचं भांडं हातभर अंतरावर असलं तरी त्यांना सापडायचं नाही. मी डॉक्टरांना फोन केला. या वेळी टर्की म्हणाले.

मग ते म्हणाले, "टर्कीला मांडीत टोचायचं असतं. पंखात न्हाई."

"का?"

"ती झोपताना डोकं पंखाखाली घालती. पंखावरची खपली तोंडाला घासती, डोळ्यांत जाती. तुम्ही कोंबड्या म्हणालात म्हणून मी पंख म्हणालो."

मी शेडच्या दारात उभी राहून ऐकत होते. समोर पक्षी होते आणि त्यांतले दोघं, दिवसा, उभ्या उभ्या डोकं पंखाखाली घालून होते. रोज संध्याकाळी कंदील घेऊन मोजणी करताना मी त्यांना तसंच बघत आले होते. प्राणिशास्त्र शिकलेली बाई, आणि पक्षी कसा झोपतो हे तिने बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

डॉक्टरांनी उपाय सांगितला. कोमट मिठाच्या पाण्याने डोळे दिवसातून तीनदा पुसायचे, खपलीला ग्लिसरीन लावायचं, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना हाताने भरवायचं. दोन-तीन आठवड्यांत फोड वाळून जातात. तोवर पक्षी उपाशी मरू द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात.

दोन दिवसांत आंधळे झालेले पक्षी तेवीस झाले. मी पहाटे उठायची, पाणी तापवायची, खाद्य भिजवून त्याच्या गोळ्या करायची. एकेका पक्ष्याला मांडीवर घ्यायचं, डोळे पुसायचे, चोच उघडून गोळ्या घालायच्या, गळ्यावरून बोट फिरवून खाली उतरवायच्या, मग ड्रॉपरने पाणी. तेवीस पक्षी संपेपर्यंत पहिल्याची परत वेळ झालेली असायची. पुस्तक खुर्चीवर तसंच पडलेलं, त्यावर भुसा. पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नव्हतं. मला झोपेतसुद्धा हाताला मऊ गळा लागायचा.

नवऱ्याला मी खरं सांगितलं नाही. म्हणाले, रोग आलाय. तो म्हणाला, "लस दिली व्हतीस ना?" मी म्हणाले, "दिली होती." तो म्हणाला, "मग लसच खराब आसंल." मी त्याला तसंच समजू दिलं.

परीक्षा सतराव्या दिवशी होती. सकाळी सातला फाट्यावरून जिंतूरची गाडी, तिथून परभणी. आदल्या दिवशी चार पक्षी मेले होते. मी पहाटे उठून अंघोळ केली, साडी नेसले, हॉलतिकीट पिशवीत घातलं. चुलीपुढे बसले होते तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "जा तू. म्या बघते."

"तेवीस पक्षी आहेत, आत्याबाई."

"एकोणीस हायेत," त्या म्हणाल्या. "चार गेले न्हवं काल."

मी त्यांना शेडमध्ये घेऊन गेले, कापूस कुठला, पाणी कुठलं, गोळ्या किती, सगळं दाखवलं. त्यांनी एक पक्षी उचलून मांडीवर घेतला. उजवा डोळा जवळ नेऊन त्या त्याच्याकडे बघायला लागल्या. चेहरा त्याच्या चोचीच्या इतका जवळ नेला की मला ते बघवेना. कापसातलं पाणी पापणीवर पडायच्या ऐवजी चोचीवरून ओघळलं.

मी म्हणाले, "तुम्हाला दिसेल का?"

तोंडातून गेल्यावर ते शब्द मला ऐकू आले. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "दिसतंय तेवढं. जा, गाडी जाईल."

मी फाट्यावर गेले. तिथे चहाची एक टपरी आहे, तिच्या बाकावर बसले. गाडी वेळेवर आली. दार उघडलं. वाहक म्हणाला, "जिंतूर?" मी उठले आणि त्याला म्हणाले, "नाही, मी दुसऱ्या गाडीसाठी थांबलेय." तो जरा बघत राहिला, कारण त्या फाट्यावर सकाळी दुसरी गाडी नसते. मग घंटी वाजली आणि गाडी गेली.

मला कुणी अडवलं नव्हतं. हे मी आज लिहू शकते. तेव्हा घराकडे चालताना मी मनात सगळ्यांची नावं घेत होते: नवरा, त्याचा व्हिडिओ, त्याचा कारखाना, पत्र्याचं शेड, आणि एका डोळ्याची म्हातारी जिच्यावर पक्षी सोपवून जाता येत नाही. मी परत येईपर्यंत आठ वाजत आले होते. आत्याबाई भुशावर बसलेल्या होत्या. त्यांच्या उजवीकडे सहा पक्षी वेगळे ठेवलेले होते, सहाही जणांचे डोळे स्वच्छ पुसलेले, त्यांतल्या दोघांचे किलकिले उघडलेले. सातवा मांडीवर होता. हे मी बघितलं. तेव्हाही गावातून निघणारी साडेआठची खासगी जीप मिळाली असती, परभणीला वेळेत पोचता आलं असतं. मी घरात गेले आणि साडी बदलली.

त्यांनी विचारलं, "काय गं, गाडी चुकली?"

मी म्हणाले, "हो."

दुपारी नवऱ्याचा फोन आला, पेपर कसा गेला विचारायला. मी म्हणाले, "गेलेच नाही. आत्याबाईंना जमत नव्हतं." तो म्हणाला, "आता काय बोलावं. पुढच्या साली दे." मी त्याच संध्याकाळी आईला पूर्ण्याला फोन केला आणि तिला जरा वेगळ्या शब्दांत तेच सांगितलं. आई म्हणाली, "सासूनं सोडलं न्हाई म्हण की." मी गप्प राहिले. ते हो म्हटल्यासारखंच होतं.

त्या दिवसापासून आम्ही दोघी मिळून पक्ष्यांचं करायला लागलो. समोरासमोर बसायचं, मध्ये पाण्याचं पातेलं. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी दुपारी एका नराच्या डोळ्यावरची खपली अर्धी सुटून लोंबत होती. मी ती चिमटीत धरली.

आत्याबाई म्हणाल्या, "वढू नको."

"सुटलीच आहे."

"वढू नको म्हणते न्हवं. भिजू दे. आपोआप येती." मी हात काढला. त्यांनी तो पक्षी स्वतःकडे घेतला आणि ओला कापूस त्याच्या डोळ्यावर ठेवून बसल्या. मग आपल्या डाव्या डोळ्याकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "ह्यो असाच गेला."

त्या आपणहून सांगायला लागल्या, पक्ष्याकडे बघत. त्या सात वर्षांच्या होत्या. त्यांच्या गावात देवी काढणारा आला होता, म्हणजे लस टोचणारा. दंडावर सुईने टोचायचा, ताप यायचा, म्हणून लोक पोरं लपवायचे. त्यांच्या आजीने त्यांना ज्वारीच्या कणगीत बसवलं आणि वरून गोणपाट टाकलं.

"मला मजा वाटली," त्या म्हणाल्या. "आत अंधार. ज्वारीचा वास. बाहेर त्यो माणूस इचारतोय, घरात लेकरं किती. आजी म्हणली, एकच हाय. धाकटा पाळण्यात झोपला व्हता, त्यो दिसला. त्याला टोचलं."

पुढच्या वर्षी गावात देवी आल्या. धाकट्या भावाला काही झालं नाही. यांना झाल्या. कडब्याच्या खोलीत बाजलं टाकून यांना ठेवलं, दार बाहेरून लावून घेतलं. सवा महिना. त्यांची आई सकाळ-संध्याकाळ यायची, तेवढीच. डोळे चिकटून बंद झालेले, त्यामुळे दिवस कोणता आणि रात्र कोणती हे दाराच्या कडीवरून कळायचं.

"मी हाका मारायची. बाहिरून लोक जायचे, आवाज यायचे. कुणी ओ द्यायचं न्हाई. मला वाटायचं, मी हाय हे इसरले."

मी म्हणाले, "आणि डोळा?"

"आईला कामावर जायची घाई व्हती. एक दिवस तिनं खपली वढली. लवकर उघडंल म्हणून." त्यांनी कापूस उचलून बघितला, पुन्हा ओला केला, पुन्हा ठेवला. "तिचं बी काय चुकलं. घरात खायला न्हवतं. ती मरस्तोवर म्हणायची, माझ्या हातानं गेला."

मग मला दुसरंच काहीतरी विचारावंसं वाटलं म्हणून मी विचारलं, "म्हणून लिंबाचा पाला बांधला होता का तुम्ही? देवीसाठी?"

"देवीसाठी कशाला. पाल्यानं माशा बसत न्हाईत फोडांवर. कडब्याच्या खोलीत आई टाकायची." आणि मग मला म्हणाल्या, "तू सुई टोचत व्हतीस तवा मला आत यायचं व्हतं. तू बोलावलं न्हाईस."

त्या नराची खपली अर्ध्या तासाने कापसासोबत निघून आली. खाली डोळा होता, लाल, पाणावलेला, पण पूर्ण. त्याने मान फिरवून आम्हाला बघितलं आणि मांडीवरून उतरून सरळ खाद्याच्या भांड्याकडे गेला. आत्याबाई हसल्या. मी त्यांना हसताना फार कमी वेळा बघितलं होतं.

एकूण नऊ पक्षी गेले. बाकी सगळे हळूहळू बरे झाले. दोघांना एका डोळ्याने दिसत नव्हतं, पण ते नीट वाढले. तोवर मी परीक्षेचा विषय मनातून काढून टाकला होता. तो इतरांच्या मनात राहिला.

वैशाखात माझी आई जिंतूरला एका लग्नाला आली होती, तिथून आमच्याकडे आली. मी स्वयंपाकघरात चहा करत होते. ओसरीवर ती आणि आत्याबाई बसल्या होत्या. मधे भिंत नाही, पडदा आहे, सगळं ऐकू येतं. आधी लग्नाचं, उन्हाचं, पाण्याचं बोलून झालं. मग आई म्हणाली, "विहीणबाई, राग मानू नका, पण एक दिवस सोडलं असतं लेकीला तर काय बिघडलं असतं? तिचं वर्ष गेलं."

माझ्या हातात गाळणी होती. मला आठवतंय, चहा कपात पडत होता आणि कप भरून बशीत गेला तरी मी ओततच होते. मला वाटलं, आता त्या सांगतील. सांगणं अगदी सोपं होतं. मी तिला जा म्हणले व्हते, तीच परत आली, एवढी दोन वाक्यं.

आत्याबाई म्हणाल्या, "व्हय. चुकलंच."

आई म्हणाली, "तसं न्हाई, पण शिकलेली लेक हाय—"

"चुकलंच," त्या पुन्हा म्हणाल्या. "उन्हात आलात, जरा आडवं व्हा."

मी चहा घेऊन बाहेर गेले. दोघींच्या हातात कप दिले. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मी काही बोलले नाही. संध्याकाळच्या गाडीने आई गेली. जाताना तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जणू मी कुणाच्या तरी ताब्यात आहे.

त्यानंतर कितीतरी दिवस मला घरात बसवत नव्हतं आणि शेडमध्येही. दोन्हीकडे त्या असायच्या. मी मुद्दाम मोठ्याने भांडी घासायची. बोलायचं ठरवून तोंड उघडायची आणि "मीठ संपलंय" असं काहीतरी म्हणायची. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की शेडमधून, गावातून, नवऱ्याच्या फोनमधून मला बाहेर पडता येईल, गाडी फाट्यावर रोज येते. पण मी आईला जे समजू दिलं होतं, त्यातून बाहेर पडायला गाडी नव्हती.

पावसाळा संपता संपता नवऱ्याने अडतीस पिल्लं आणली. ती आठ आठवड्यांची झाल्यावर मी पुन्हा लस आणली. या वेळी आत्याबाई न बोलावता आत आल्या, पदर खोचला आणि पालथ्या टोपलीवर बसल्या. त्यांनी पक्षी उलटा धरायचा, एक पाय ताणायचा. मी मांडीची पिसं बाजूला सारून, कातडीत टोचा घालायची. त्यांची पकड माझ्यापेक्षा चांगली होती. पक्षी धडपडायचाच नाही.

दहा-बारा पक्षी झाल्यावर मी म्हणाले, "आत्याबाई, गाडी चुकली नव्हती."

त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय. चहाटपरीवाला बोलला त्याच दिशी."

"मग आईला का नाही सांगितलं?"

त्यांनी पुढचा पक्षी उचलला, पाय ताणून माझ्यापुढे धरला. "तुझ्या आईपुढं तुला खोटं पाडून मला काय मिळणार व्हतं? ती तुझी आई हाय. मला एक डोळा हाय म्हणून तू गेली न्हाईस, का तुला भ्या वाटलं म्हणून गेली न्हाईस, ते तुझं तुला ठावं. टोच, लस गरम व्हायलीय."

मी टोचलं. सुया दोन थेंब उचलतात, त्यांतला एक तिरका गेला आणि पिसांवर पडला. त्या म्हणाल्या, "ह्याला परत दे." मी परत दिलं.

ती तुकडी पूर्ण निरोगी निघाली. आठव्या दिवशी दोघींनी मिळून मांड्या तपासल्या. आत्याबाई गाठ बोटाने चाचपून सांगायच्या आणि मी बघून खात्री करायची. दर वेळी त्यांचंच बरोबर असायचं. तीन पक्ष्यांना गाठ आली नव्हती, त्यांच्यासाठी मला पुन्हा तालुक्याला जावं लागलं.

आईला मी पुढच्या दिवाळीत सांगितलं, पूर्ण्याला, भांडी आवरताना. ती बराच वेळ पाण्यात हात घालून उभी राहिली. मग म्हणाली, "आता त्यांच्यापुढं कोणत्या तोंडानं जाऊ मी?" ती अजून आलेली नाही. आत्याबाई दर सणाला विचारतात, तुझी आई कधी येणार.

मी अजून इथेच आहे. आता आजूबाजूच्या गावांतले लोकही त्यांचे पक्षी टोचायला मला बोलावतात, त्यामुळे महिन्यातून दोन-तीनदा थर्मास घेऊन बाहेर पडते आणि संध्याकाळच्या खाद्याच्या वेळेला परत येते. बी.एड.चा अर्ज यंदा निघाला तेव्हा मी तो भरला नाही. का भरला नाही, याचं उत्तर मी अजून कुणाला दिलेलं नाही. या वेळी मात्र कुणाचं नाव पुढे केलेलं नाही.